टाकीजवळचा गणपती

खडकटाकळी, ता. पूर्णा
दि. १५ जुलै २०२५, मंगळवार, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

ती. राजेश्रीताईस बजरंगचा नमस्कार.

आत्ताच पंप चालू केला आहे. टाकी भरायला अडीच तास लागतात, तेवढ्यात हे पत्र पुरे होईल. पंपघरात पालथ्या बादलीवर बसून लिहितो आहे आणि दर पाच मिनिटांनी व्होल्टेजचा काटा पाहतो आहे.

फोनवर माझे निम्मे बोलणे "ऐकू येतंय का" यातच जाते, म्हणून लिहून पाठव असे तू म्हणालीस. पत्र लिहिण्याला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. मागच्या भादव्यात लाइट गेल्यावर चार तासांत मोबाइलचा टॉवर बंद पडला. तसे पुन्हा झाले तर खडकटाकळीचा कागद गंगाखेडला किती दिवसांत पोचतो, हे मला मोजायचे आहे. पत्र कोणत्या तारखेला हातात पडले ते नक्की कळव.

आता मुख्य गोष्ट. ही आईला सांगू नकोस. मागच्या वर्षी ओढ्याला पूर येऊन तीन दिवस लाइट नव्हती, म्हणून पंप बंद, म्हणून टाकी कोरडी. लोक ओढ्याचे गढूळ पाणी गाळून प्यायले आणि त्रेचाळीस जण जुलाबाने पडले, हे तुला माहीत आहे. त्यानंतर ग्रामसभेत सरपंच योगीराजभाऊ काय म्हणाले ते मी तुला सांगितले नव्हते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बजरंग, औंदा सोडून देतो. पुढल्या भादव्यात पुन्ना असंच झालं तर पंपघराची चावी टेबलावर ठिवायची अन् घरी जायचं."

भादवा सव्वा महिन्यावर आला आहे. मला जेवण नीट जात नाही.

ग्रामसेवकांनी गावाचा आपत्तीचा आराखडा लिहायचे काम मला दिले. दहावीला गणितात राहिलो तरी अक्षर चांगले आहे, म्हणून. मी पाच ठिकाणी जाऊन विचारले की लाइट गेली तर तुम्ही काय करणार. पाणीपुरवठ्याचे मीच लिहिले. आरोग्य केंद्राचे डॉक्टरांनी सांगितले, टॉवरचे तो सांभाळणाऱ्या सिद्धोधनने, गिरणीचे गिरणीवाल्याने आणि शाळेचे मुख्याध्यापकांनी, कारण पुरात लोकांना शाळेत आणायचे आहे. सगळ्यांची उत्तरे नीट उतरवून काढली. एक प्रत सोबत जोडली आहे. शुद्धलेखन तपासून परत पाठव.

तुझा
बजरंग

—

गंगाखेड
२१ जुलै

चि. बजरंग,

तुझं पत्र १९ तारखेला, शनिवारी दुपारी मिळालं. चार दिवस लागले. लिहून ठेव.

आराखडा वाचला. शुद्धलेखनात एकही चूक नाही. 'पर्यायी' हा शब्द पाचही वेळा बरोबर लिहिलास. त्याच्यापुढचे दोन शब्दही पाचही वेळा बरोबर आहेत. पाणीपुरवठा: पर्यायी व्यवस्था, बन्सीधर मंडपवाले यांचा जनरेटर. आरोग्य केंद्र: बन्सीधर मंडपवाले यांचा जनरेटर. टॉवर: तेच. गिरणी: तेच. शाळा: तेच.

बाबा रे, बन्सीधरमामांकडे जनरेटर आहेत तरी किती?

चिडू नकोस. आमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी असा एक कागद केला होता आणि त्यात रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचं नाव चार ठिकाणी होतं. ड्रायव्हर सुट्टीवर गेला तेव्हा कळलं. कागद सुंदर दिसला की माणूस तो वाचत नाही, नुसता बघतो.

दुसरं. तुझ्या दाजींनी तुझ्यासाठी इथल्या साखर कारखान्याच्या पंपघरात शब्द टाकला आहे. सोळा हजार पगार, राहायला खोली. पोळ्यापर्यंत हो का नाही कळवायचं आहे. ते लिही म्हणाले म्हणून लिहिते. विचार कर.

आणि तुमच्या आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजची खोली कोणत्या बाजूला आहे? दुपारचं ऊन येतं का? चावी कोणाकडे असते? सवडीने कळव.

आई गुडघ्याला तेल लावते का, की नुसती बाटली देवळीत ठेवली आहे?

तुझी ताई

—

खडकटाकळी
दि. २७ जुलै २०२५, रविवार, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

ती. ताईस नमस्कार.

तुझे पत्र २५ तारखेला मिळाले, म्हणजे पुन्हा चारच दिवस.

तुझा प्रश्न वाचून मी आराखडा पुन्हा उघडला. उत्तर: एक. मी पाच ठिकाणी एकच जनरेटर लिहिला, तोही एकाच शाईने, आणि मला ते दिसले नाही. लगेच मामांकडे गेलो. ते अंगणात मंडपाच्या कनाती वाळत घालत होते.

मी म्हणालो, "मामा, तुमी पाच जणांला जनरेटर दितो म्हणालाव?"

"पाचच? म्या तर सातजणांला म्हणलंय. मानवतच्या एका मंडळालाबी व्हय म्हणून बसलोय."

"मग पुरात कुणाला देणार?"

"जो आधी येईल त्याला. कुणाला न्हाई म्हणायची मला सवयच न्हाई बग. तुझी मामी म्हणती तेवढी एक सवय लागली असती तर आज दुमजली घर असतं." मग कनात झटकत म्हणाले, "पर भादव्यात त्यो माझ्याकडं असतो कुठं? धा दिस गणपतीपुढं असतो. मागल्या सालीबी तिथंच व्हता की."

ताई, तेव्हा मला आठवले. मागच्या वर्षी त्या तीन दिवसांत मी रोज आरतीला पारासमोर उभा होतो. जनरेटर चालू होता, लाल-निळ्या माळा लुकलुकत होत्या, आणि मी डोळे मिटून म्हणत होतो की देवा, पंपाला लाइट दे. जनरेटरचा आवाज माझ्या कानात पडत होता. तो पंपाला लावता येईल हे माझ्या किंवा गावात कुणाच्याही मनात आले नाही. देवापुढची वस्तू, ती उचलायची कशी, असे कुणी ठरवलेही नव्हते. नुसते सुचले नाही.

आता मंडळाकडे जनरेटर मागायचा तर अध्यक्ष भगवानराव देणार नाहीत. दिला तरी पुरात चिखलातून पारापासून टाकीपर्यंत ट्रॅक्टरने ओढणे अवघड आहे. मागे मामांचा ट्रॅक्टर त्याच वाटेवर रुतला होता. मला मार्ग दिसत नाही.

फ्रीजची खोली उत्तरेला आहे. ऊन येत नाही. चावी परिचराकडे असते. आरोग्य केंद्राची भिंत टाकीपासून अठरा पावलांवर आहे आणि गिरणी वीस, मी मोजली. टॉवर त्यांच्या मागेच. तू एवढी काळजी करू नकोस, तुझ्याकडे तुझ्या दवाखान्यातले सिस्टरचे काम काय कमी आहे.

दाजींना नमस्कार सांग. सोळा हजार म्हणजे माझ्या आत्ताच्या पगाराच्या दुपटीहून जास्त आहेत. चावी काढून घेतली जाण्याआधी आपणच ठेवून निघावे, असेही कधी कधी वाटते. अजून ठरवलेले नाही.

आई तेल लावते. मी रोज बाटलीवर पेनाने खूण करतो, त्यामुळे खात्रीने सांगतो.

तुझा
बजरंग

—

गंगाखेड
३ ऑगस्ट

चि. बजरंग,

सोबत राखी आहे. नऊ तारखेला आईकडून बांधून घे. अर्पिताने स्वतः केली आहे, म्हणून टिकल्या थोड्या इकडेतिकडे लागल्यात. सहा वर्षांच्या भाचीच्या कामातल्या चुका काढू नकोस.

तुझं पत्र वाचून मी जेवताना हसले आणि मग हसता हसता थांबले. त्या तीन दिवसांत मीही गावाकडे फोन लावत होते. तो आवाज कानात घेऊन तू उभा होतास हे वाचून कसंतरी झालं. तुझी चूक नाही रे. सगळं गाव उभं होतं.

आता तूच लिहितोस, टाकी, आरोग्य केंद्र, गिरणी सगळं अठरा-वीस पावलांत आहे, टॉवरही मागेच. आणि जनरेटर गणपतीला सोडत नाही. मग गणपतीलाच टाकीजवळ बोलव की. दहा दिवस पाहुणा म्हणून.

फ्रीजचं सांगते. तो आतून बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज आहे. दिवसातून आठ तास लाइट मिळाली तरी लसी टिकतात. झाकण मात्र सारखं उघडायचं नाही. तिथल्या सिस्टरला हे माहीत आहे का विचार. आणि केंद्राच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत का, छत गळतं का?

दाजी विचारतात, काय ठरलं.

ताई

—

खडकटाकळी
दि. १८ ऑगस्ट २०२५, सोमवार, सकाळी ७ वाजून ५ मिनिटे

ती. ताईस नमस्कार.

तुझी सूचना फार योग्य होती. मी ती आराखड्यात जशीच्या तशी लिहिली: "गणेशोत्सवाचे दहा दिवस मंडप पाण्याच्या टाकीजवळ उभारावा, जेणेकरून जनरेटर सर्व सेवांजवळ राहील." ग्रामसेवक वाचून म्हणाले, बैठकीत तूच मांड.

बैठक १० तारखेला झाली. मी कागद वाचून दाखवला. एकही शब्द चुकला नाही. भगवानराव उभे राहिले.

"एकतीस वर्सं गणपती पारासमोर बसायलाय. आता पाणी सोडणाऱ्यानं सांगायचं का गणपती कुठं बसवायचा त्ये?"

मागे बायकांत कडूबाई बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मग कुणी सांगायचं? डीजेवाल्यानं?"

सगळे हसले. भगवानराव म्हणाले, "कडूकाकू, ह्यो देवाचा मामला हाय."

"म्हणूनच बोलायलेय. मागल्या साली माझ्या घरात तीन दिस हंडा पालथा व्हता. नातू जुलाबानं सुकून खारकंवानी झाल्ता. मी आरतीला आले, तर हितं माळा चमकायल्या. म्या गणपतीला म्हणलं, तुला दिसायलंय का हे? त्यो तरी काय बोलंल. तुमी त्याचं तोंड तिकडं करून बसिवलाव."

मग भगवानरावांनी खुर्ची ओढली. "तिथं उकिरडा हाय. उकिरड्याशेजारी देव बसवायचा का?"

"उकिरडा हालवंल की पोरगं," कडूबाई म्हणाल्या, "त्याच्यानं कागद हालतो, उकिरडा हालत न्हाई का?"

अशा रीतीने उकिरडा माझ्या गळ्यात पडला. मी आणि मंडळाच्या मुलांनी चार दिवसांत नऊ ट्रॉल्या काढल्या. त्या जागेवर आता मुरूम टाकला आहे. उकिरडा कुणाच्या शेतात टाकायचा यावरून भांडण झाले, कारण प्रत्येकाला तो हवा होता. शेवटी भगवानरावांच्याच शेतात गेला आणि त्यानंतर ते माझ्याशी बरे बोलू लागले. या वर्षी डीजे रद्द करून त्या पैशांचे डिझेल घ्यायचे, हे त्यांनीच मांडले. चुडाव्याचा पेट्रोल पंप ओढ्याच्या पलीकडे आहे आणि लाइट नसली तर तोही डिझेल उपसू शकत नाही, हे मी त्यांना सांगितले होते. ते त्यांना इतके पटले की आता ते हे सगळ्यांना स्वतःचे म्हणून सांगतात.

काल, रविवारी, रंगीत तालीम घेतली. सकाळी सहाला मेन स्विच पाडला. पहिल्या झटक्यातच फजिती झाली. मंडळाच्या मुलांनी हौसेने माळा लावल्या होत्या, गिरणीही चालू होती, आणि मी पंप सुरू केला. जनरेटर एकदा खोकला आणि गप्प झाला.

बन्सीधरमामा म्हणाले, "नवरदेवाचा फेटा दिसावा म्हणून घेतलाय ह्यो, हत्ती वढायला न्हाई."

मग वेळा ठरवल्या. पहाटे पाच ते साडेसात फक्त पंप. नंतर दहापर्यंत टॉवरच्या बॅटऱ्या आणि लोकांचे मोबाइल. दहा ते बारा गिरणी. चार ते सहा टॉवर पुन्हा. सात ते नऊ आरती आणि माळा. फ्रीजला बारीक वायर वेगळी, जनरेटर चालू असेल तेव्हा त्याला कायम. शाळा दूर पडते, म्हणून पुरात लोकांनी शाळेऐवजी मंडपात यायचे. ही पाटी मी रंगवून टाकीच्या खांबाला लावली आहे.

जनरेटर सुरू करायची मामांची एक पद्धत आहे, ती मी अकरा पायऱ्यांत लिहून यंत्राच्या आतल्या दाराला चिकटवली. मामा म्हणाले, "कशाला, मी हाय की." तरी चिकटवली. सातवी पायरी अशी आहे: "येथे मामा एक शिवी देतात व पान्याने डाव्या बाजूला मारतात." शिवी लिहिली नाही.

सिस्टरना आठ तासांचे माहीत होते. त्या म्हणाल्या, तुझ्या बहिणीला नमस्कार सांग. मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, एक गळते. तू हे का विचारलेस ते समजले नाही. पुरात रुग्ण ठेवायला असेल तर तिथे जागा कमी पडेल.

कारखान्याचे मी पोळ्याला फोन करून सांगतो.

बजरंग

—

गंगाखेड
२४ ऑगस्ट

चि. बजरंग,

मी चेष्टेत लिहिलं होतं.

गणपतीला टाकीजवळ बोलव, हे मी हसता हसता लिहिलं आणि तू बैठकीत वाचून दाखवलंस. ही गोष्ट मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितली. आमच्या डॉक्टरांनी त्या पाटीचा फोटो मागितला आहे.

पोळ्याला तू दाजींना फोनवर म्हणालास, "भादवा झाल्यावर सांगतो." ते म्हणाले, कारखाना भादव्याची वाट बघत नाही. तरी त्यांनी साहेबांकडून दहा सप्टेंबरपर्यंत मुदत घेतली. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल. आता टाळू नकोस.

महालक्ष्म्यांना मी येणार होते, पण रजा मिळाली नाही. आईला सांग, मनाला लावून घेऊ नको म्हणावं. पुरण माझ्या वाटचं तूच खा.

त्या गळक्या खोलीचं ग्रामसेवकांच्या कानावर घाल. सहज सांगितल्यासारखं.

ताई

—

खडकटाकळी
दि. ३ सप्टेंबर २०२५, बुधवार, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

ती. ताईस नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. हे आधी लिहितो, बाकी नंतर. तू घाबरली असशील. टॉवर चालू होता, पण ओढ्यापलीकडची केबल तुटली आणि ती अजून जोडलेली नाही, त्यामुळे गावातल्या गावात फोन लागतो आणि बाहेर लागत नाही. हे आराखड्यात नव्हते. आता लिहिले आहे. हे पत्र पहिल्या एसटीने जात आहे.

शनिवारी दुपारपासून पाऊस लागला. रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी लाइट गेली. साडेआठला ओढ्याचे पाणी पुलावरून गेले. पूर्णेहून आलेली एसटी गावातच अडकली, तेवीस प्रवासी आणि ड्रायव्हर-कंडक्टर. महालक्ष्म्या त्याच संध्याकाळी यायच्या होत्या, त्यामुळे गावात माहेरवाशिणीही भरपूर.

टाकी भरलेली होती, म्हणून रविवार निभला. पण दुपारी टॉवरसाठी जनरेटर चालू करायला गेलो तर बन्सीधरमामा नव्हते. ते शनिवारी लेकीला आणायला चुडाव्याला गेले आणि पलीकडेच राहिले. ताई, आराखड्यात मी जनरेटर लिहिला होता, डिझेल लिहिले होते, वायर लिहिली होती. माणूस लिहिला नव्हता.

मंडपात पन्नास-साठ जण जमले. मी जनरेटरचे दार उघडून पायऱ्या मोठ्याने वाचायला लागलो आणि सिद्धोधन तसे करत गेला. सातव्या पायरीला तो थांबला.

"पाना मारला. कायच न्हाई."

मी म्हणालो, "शिवी राहिली."

"गणपतीपुढं?"

सिद्धोधन काही केल्या तयार होईना. मला तर येतच नाही. तेव्हा कडूबाई पदर खोचून पुढे आल्या. गणपतीला आधी हात जोडले, म्हणाल्या, "कान झाक रे बाबा," आणि जनरेटरला अशी एक हासडली की एसटीच्या ड्रायव्हरनेही मान खाली घातली. सिद्धोधनने पाना मारला. आठवी पायरी, नववी, दहावी. अकराव्याला यंत्र सुरू झाले.

शिवीने झाले असे मी म्हणत नाही. पहिल्यांदा पाना उजव्या बाजूला बसला होता, ते मी नंतर पाहिले. पण कडूबाईंना हे सांगायची माझी हिंमत नाही. सोमवारी आणि मंगळवारीही लोकांनी त्यांनाच बोलावून आणले.

त्यानंतर सगळे पाटीप्रमाणे चालले. सोमवारी पहाटे पाचला पंप सुरू झाला, साडेसातला टाकी भरली, मी पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर टाकली आणि पावणेआठला नळ सोडले. गल्लीगल्लीतून भांडी वाजायला लागली, ती ऐकत मी व्हॉल्व्हपाशी उभा राहिलो. दहा ते बारा गिरणी. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पीठ कमी पडेल म्हणून बायकांनी रांग लावली होती, ती दोन तासांत संपली. एसटीतले प्रवासी घराघरांत वाटून घेतले. कंडक्टरला आपल्याकडे आणले. त्यांनी आईला सांगितले की इतके पुरण त्यांनी लग्नातही खाल्ले नव्हते. आईने त्यांना आणखी वाढले आणि मग त्यांना उठता येईना.

फ्रीज रोज दहा तासांच्या वर चालला. सिस्टरांनी तापमानाचा कागद दाखवला, काटा कुठेही रेषेबाहेर गेलेला नाही. तीन दिवसांत जुलाबाचा एकही रुग्ण नाही. मी रोज दोनदा विचारायला जात होतो, शेवटी डॉक्टर म्हणाले की आता तूच आजारी पडशील.

काल संध्याकाळी पाच वाजता लाइट आली. आरती झाल्यावर योगीराजभाऊ माझ्याकडे आले. मी खिशातली चावी हातात घेतली.

ते म्हणाले, "ठिव ती तुझ्यापाशीच. अन् दुसरी एक करून माझ्याकडं दे. बन्सीधर ओढ्यापल्याड अडकला तसा उद्या तू अडकलास तर आमी काय कडूबाईला बोलवावं?"

मी घरी येऊन हे आईला सांगितले. मग मागच्या वर्षीच्या ग्रामसभेचेही सांगितले, कारण आता लपवण्यासारखे राहिले नव्हते. आई म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझं जेवण कमी झालं तेव्हा." आणि पुरणाची पोळी वाढली.

दाजींना कृपा करून सांग की मी येत नाही. त्यांना वाईट वाटू नये. रागावले तर मला कळव, मी स्वतः येऊन माफी मागतो.

बजरंग

—

गंगाखेड
७ सप्टेंबर

चि. बजरंग,

पत्र काल, सहाला आलं. तोपर्यंत मी काय केलं ते तुला सांगत नाही. दाजींना विचार. आठवडाभर मी त्यांना चहात मीठ घालून दिलं, म्हणतात.

दाजी रागावले नाहीत. पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. कडूबाईंपाशी पोचले तेव्हा ते डोळे पुसत होते, हसून. म्हणाले, "त्याला म्हणावं, कारखान्याच्या पंपघरात एवढी मजा नाही."

आता माझं ऐक. तू लपवलंस तसं मीही लपवलं. मी जूनमध्येच बदलीचा अर्ज केला होता, तुमच्या आरोग्य केंद्रासाठी. याआधी दोनदा फेटाळला गेला, म्हणून या वेळी आईलाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मी सारखी फ्रीज, चावी, मागच्या खोल्या, छत विचारत होते आणि तू मला वाटतं रुग्णांसाठी जागा मोजत बसलास. मी माझ्यासाठी विचारत होते. तुमच्या सिस्टर नांदेडला जायच्या आहेत, त्यांची जागा रिकामी होते.

शुक्रवारी हुकूम हातात आला. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं. अर्पिता माझ्याबरोबर, तिला आपल्या शाळेत घालू. दाजी दर शनिवारी येतील.

आणि एक कबूल करते. कारखान्याची नोकरी मी पत्रात लिहिली खरी, पण दर वेळी तुझं पत्र उघडताना तू हो म्हणू नयेस असंच वाटायचं. मी गावात यायचं आणि तू गंगाखेडला जायचं, हा कसला हिशोब. तू मात्र माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पावलं मोजून दिलंस आणि प्रश्न का विचारला ते कधी विचारलं नाहीस.

कडूबाईंना सांग, मी येते तेव्हा ती शिवी मला शिकवायची. दवाखान्यातल्या यंत्रांनाही ती लागते.

ताई

—

खडकटाकळी
दि. १२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, दुपारी १ वाजून १५ मिनिटे

ती. ताईस नमस्कार.

पत्र आज मिळाले, पाचव्या दिवशी. गौरी-गणपतीनंतर टपाल एक दिवस उशिरा येते अशी नोंद केली. मी गिरणीच्या ओट्यावर बसून ते वाचले आणि दुसऱ्यांदा वाचायला आईकडे नेले. आईने उठून कोनाड्यातली चादर काढली आणि धुवायला टाकली. मग म्हणाली, "अर्पिताला लसणाची चटणी तिखट लागते, औंदा मिरच्या कमी टाकते." त्यावरून तिला आनंद झाला हे कळले.

मी गळक्या खोलीवर चढून पाहिले. चार पत्रे सरकले आहेत. रविवारी मी आणि सिद्धोधन बसवतो. खोलीत नळ नाही, तो टाकीच्या पाइपातून अकरा फुटांवर घेता येईल.

भगवानरावांनी विसर्जनाला जाहीर केले की गणपती आता कायम टाकीजवळच बसेल, ही कल्पना मंडळाची होती. कडूबाईंनी ऐकून घेतले आणि प्रसाद दुप्पट घेतला. बन्सीधरमामांनी आणखी दोघांना जनरेटर कबूल केला आहे. मी त्यांच्या दारावर "भाद्रपदात मिळणार नाही" अशी पाटी लावली. मामी म्हणाल्या, बारमाही लाव.

ग्रामसेवकांनी मागितल्याप्रमाणे हिशोब केला आहे. एक प्रत तुझ्यासाठी, बेरीज तपासून पाठव. गणित माझे कच्चे आहे.

खर्च:
डिझेल २०० लिटर — १८,६०० रु.
केबल — ९,१०० रु.
चेंजओव्हर स्विच (लाइटवरून जनरेटरवर बदलायचा) — २,३५० रु.
टीसीएल पावडर — ९०० रु.
पाटीचा रंग व ब्रश — २४० रु.
एकूण — ३१,१९० रु.

जमा:
गणेश मंडळ, डीजे रद्द करून — २५,००० रु.
ग्रामपंचायत — ४,००० रु.
एकूण — २९,००० रु.

जनरेटरचे भाडे — बन्सीधरमामा घेत नाहीत. तीनदा विचारले.
शिल्लक डिझेल — ६२ लिटर, कुलूप लावून ठेवले. चाव्या दोन.
देणे, पूर्णेच्या हार्डवेअर दुकानाचे — २,१९० रु. हे ग्रामपंचायतीने दिवाळीपर्यंत न दिल्यास मी माझ्या पगारातून फेडीन. पगार आता इथलाच आहे.

तुझा
बजरंग